बोटं पुन्हा वाजेपर्यंत

७ जुलै २००३, हिंगोली

सरांचा फोन. इतर माणसं आधी बरी आहेस का विचारतात. सरांनी मी 'हॅलो' म्हणायच्या आत विचारलं, "चौथा आलेख जुळला?"

नाही जुळला. दिवाळीपर्यंत जुळला नाही तर तो अध्याय काढून टाका, म्हणाले. तो काढला तर प्रबंधात उरतं काय? प्रस्तावना आणि आभार. वर्षाअखेर नोंदणीची मुदतही संपते. ती संपली की इतक्या वर्षांची मेहनत गेली पाण्यात.

फोन ठेवल्यापासून गच्चीवर चकरा मारून राहिले. चपलेचा अंगठा तुटला तरी थांबले नाही. खाली आले तर सासूबाई जिन्यातच उभ्या.

"काय गं, काय म्हणले सर?"

"काही नाही."

काय सांगणार त्यांना? कशात पीएचडी, हे गल्लीतल्या सगळ्यांनी विचारून झालंय. बुडबुड्यांत, असं सांगते. हसतात. हसा. कुठल्याही यंत्रात फिरणारा दांडा असतो, त्याच्याभोवती पितळी कडं असतं, आणि दोघांच्या मधे तेलाचा इतका पातळ थर की केससुद्धा मावायचा नाही. दांडा फिरताना तेल एका अंगाला दाबलं जातं, दुसऱ्या अंगाला ताणलं जातं. ताण फार झाला की तेल फाटतं आणि तिथं बुडबुडे धरतात. ते कुठं धरतील, किती वाढतील, कधी मिटतील, हे आधीच सांगणारं गणित मी कॉम्प्युटरवर मांडलंय. यंत्र पहिल्यांदा सुरू करा, गणित बराबर सांगतं. थांबवून पुन्हा सुरू करा, की बोंब. प्रयोगात तेलाचा थर अशक्त निघतो आणि माझं गणित म्हणतं, सगळं ठणठणीत. हाच तो चौथा आलेख.

नोकरी नांदेडच्या कॉलेजात, प्रयोगाचं यंत्र तिथंच. सध्या अभ्यासरजेवर आहे आणि घर हिंगोलीला, कारण नवा जिल्हा झाल्यावर नचिकेतची बदली इथल्या ट्रेझरीत झाली आणि हे त्याचं वडिलोपार्जित गाव. संध्याकाळी त्याला सांगितलं, नांदेडला खोली बघ. ह्या घरात माझं डोकं चालत नाही.

"बघतो," म्हणाला. ट्रेझरीतला माणूस. 'बघतो' म्हणजे फाईल कपाटात गेली. मग थोड्या वेळानं, "आणि आईचं काय?" एवढं म्हणून पेपर उघडून बसला. हा नवरा म्हणजे आम्हा दोघींच्या मधलं तेल. कधीतरी फाटेल.

९ जुलै

गणित निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून. मी बुडबुडे सोडून मेणबत्त्यांचा अभ्यास करायला हवा होता. ह्या गावात मार्गदर्शक तरी खूप मिळाले असते.

१८ जुलै

आज सासूबाईंच्या मनात खरं काय आहे ते कळलं.

नांदेडला जायला निघाले होते. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर आठवलं, फ्लॉपी टेबलावरच राहिली. परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सासूबाई रस्त्याच्या अंगाला तोंड करून एकट्या उभ्या आणि कडाकडा बोटं मोडून राहिल्या. तोंडानं पुटपुटणं चालू. मला नीट ऐकू आलं ते एवढंच. आधी माझं नाव. आणि शेवटी, "जळो मेली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नावानं बोटं मोडताहेत! पुस्तकात वाचलेला वाक्प्रचार माझ्या दिवाणखान्यात उभा. मी दाणदाण पाय आपटत आत गेले, फ्लॉपी उचलली, बाहेर पडले. त्या दचकल्या, हात पदराखाली घेतले. "काहून परत आलीस गं, काही विसरलं का?" आवाज कसा लोण्यासारखा!

आमच्या वसमतला भांडायचं असलं तर तोंडावर भांडतात आणि संध्याकाळी चहाला बोलावतात. हे असलं पाठीमागचं मला झेपत नाही.

कारण मला माहीत आहे. रजा मंजूर झाली त्या दिवशी ह्या मीठ-मोहऱ्यांची वाटी घेऊन आल्या होत्या माझ्यावरून उतरवायला. मी स्पष्ट सांगितलं, "आई, मी यंत्रं शिकवते. माझ्यापुढं हे असले प्रकार करायचे नाहीत." वाटी घेऊन मुकाट्यानं आत गेल्या. तोच राग धरून ठेवलाय. धरा.

२ ऑगस्ट

नचिकेतला सांगितलं बोटांचं. तो म्हणे, "आई असं करणार नाही." मी म्हटलं, माझे कान आहेत. "खोलीचं काय झालं?" "एकाला निरोप दिलाय," म्हणाला, माझ्याकडं न बघता.

आणखी एक. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यावर बोटाएवढा काळा डाग. गेल्या आठवड्यात पुसला होता, आज पुन्हा तिथंच. स्टोव्हची काजळी म्हणावी तर स्टोव्ह पार मागच्या पडवीत. ह्या घरात काय उडत येतं देव जाणे. स्पिरिट लावून घासून काढला. सासूबाई दारातून बघत होत्या.

दुपारी शेजारच्या लक्ष्मीबाई आल्या. खुर्चीवर बसून मला खालून वरून न्याहाळलं. "गंगूताई, तुमची सून तर डॉक्टर होऊन राहिली म्हणे! आमच्या पोरीच्या नशिबी न्हाई बाई असलं काही. नुसतं टकटक करायचं अन् पगार घरी!" मी हसून आत गेले. त्या गेल्याबरोबर बाहेरच्या खोलीतून तोच आवाज, कडाकडा. दोघींनी मिळून माझ्याबद्दल काय काय बोलून घेतलं असेल!

गणित: काही नाही. चार ठिकाणी बदल केले, चारही पुसले. नखं इतकी खाल्लीत की कळा दाबताना दुखतं.

१९ ऑगस्ट

दिवसभर नांदेडला, यंत्रापाशी.

सकाळी यंत्र चालवलं: आलेख गणिताशी जुळला. थांबवलं, लगेच सुरू केलं: नाही जुळला. पुन्हा थांबवलं, लगेच सुरू केलं: आणखी बिघडला. वैतागून बटण बंद केलं आणि डबा उघडला. धपाटे आणि दही. डबा सासूबाईंचा. माझ्या नावानं बोटं मोडतात आणि धपाट्याला तीळ लावून देतात, ह्या बाईचं मला कळत नाही. बाईशी अबोला असला तरी धपाट्यांशी कशाला? सगळे खाल्ले.

जेवून यंत्र सुरू केलं तर आलेख सकाळसारखा सरळ! जसा काही बिघडलाच नव्हता. लगेच थांबवून पुन्हा सुरू केलं तर परत तेच रडगाणं.

सर म्हणाले, "मोजण्यात चूक आहे तुमच्या." मी म्हटलं, चूक असती तर तिनं जेवणाची सुट्टी घेतली नसती. सरांना विनोद कळत नाही. बसमधे जागा नव्हती, औंढ्यापर्यंत उभी. आता लिहितानासुद्धा पाय ठरत नाहीत.

२७ ऑगस्ट

नाही. काही नाही. आज कॉम्प्युटर उचलून आडात टाकावासा वाटला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोन घास खाऊन तर घे, सकाळपासून त्या डब्यापुढं बसून राहिलीस." मी ओरडले, "मला माझं करू द्या!" एवढ्या जोरात की समोरच्या ओट्यावरची बाई बघायला लागली. त्या आत गेल्या. रडू आलं, का ते कळलं नाही. भूक लागली होती बहुतेक.

४ सप्टेंबर

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

आज महालक्ष्म्यांचं जेवण. नणंदबाई परभणीहून दोन्ही लेकींना घेऊन आलेल्या. लेकरं नवं परकर-पोलकं घालून देवीपुढं उभी राहिली, तशी सासूबाईंनी थोरलीच्या तोंडावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. घरात इतका गोंधळ की बाकी काही ऐकू आलं नाही. मग धाकटी पुढं झाली. "आता माझी!" सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवले, बोटं दाबली. आवाजच नाही. पोरीनं भोकाड पसरलं. दीदीची वाजली, माझी नाही!

"रडू नको गं बाळा. आत्ताच मोडली ना, लगेच न्हाई वाजत. जेवण होऊ दे, मग तुझी वाजवते."

मी वाढत होते. लक्ष नव्हतं. पंगत उठली. मी विड्यांचं तबक घेऊन बाहेर आले आणि धाकटी आजीच्या मांडीवर चढून बसली. कडाकडा, दहाच्या दहा. पोरगी टाळ्या पिटायला लागली.

जेवल्यावर.

जेवल्यावर वाजली!

मी तबक तिथंच जमिनीवर ठेवलं आणि कॉम्प्युटरकडं पळाले. नणंदबाई मागून ओरडल्या, "वहिनी, अहो सवाष्णी खोळंबल्यात!" खोळंबू देत.

बोटाच्या सांध्यातसुद्धा वंगणच असतं. सांधा ताणला की त्यात हवेचा बुडबुडा धरतो आणि कडकन वाजतं. मग दाब परत आला म्हणून तो लगेच मिटत नाही. हवा वंगणात हळूहळू विरते, आणि विरेपर्यंत बोट पुन्हा वाजत नाही. माझ्या गणितातले बुडबुडे वाफेचे होते: दाब आला की त्या क्षणी गडप. हवेचा भाग मी पहिल्याच वर्षी 'नगण्य' म्हणून वगळला होता. यंत्र लगेच सुरू केलं तर तेलात जुने बुडबुडे शिल्लकच! म्हणून थर अशक्त. मी डबा खात होते तेव्हा ते विरत होते!

पुस्तकात हे सगळं आहे. मला पाठ आहे. पाठ होतं म्हणूनच दिसलं नाही.

सासूबाईंनी माझं पुरणाचं ताट कॉम्प्युटरपाशी आणून ठेवलं. देवीचं जेवण असं टेबलावर! त्यांच्या हातून असं कधी झालं नसेल. मी मान वर केली नाही.

१४ सप्टेंबर

गणितात नवं पद घातलं: बुडबुडा विरण्याचा वेग. आलेख योग्य बाजूला वळला, पण पूर्ण नाही. सुरुवातीला जुळतो, मग पुढं सुटतो. सगळे बुडबुडे एकदम विरतात असं धरलंय, तिथंच काहीतरी खोट असावी. तेलाचं उत्तर यंत्राकडूनच घ्यावं लागणार, पण नांदेडला जायला अजून चार दिवस आणि मला दम निघत नाही. बोटं सगळी एकदम पुन्हा वाजायला लागतात, की एकेक करून? माझी बोटं वाजत नाहीत, कधीच वाजली नाहीत. नचिकेतची दोनच वाजतात.

म्हणजे आता त्यांनाच विचारावं लागणार. बोटं मोडून दाखवा म्हणून! कोणत्या तोंडानं?

१५ सप्टेंबर

विचारलं.

दुपारी सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी जाऊन समोर बसले. त्यांना वाटलं भांडायला आले, सूप जरा मागं ओढलं.

"आई, बोटं मोडून दाखवता?"

"कुणावरून?"

"कुणावरून नाही. नुसती. मला अभ्यासाला पाहिजे."

"नुसती बोटं मोडू न्हाई गं, घरात दळिद्र येतं. समोर माणूस लागतं."

"मग माझ्यावरून मोडा."

त्यांचा हात तांदळात थांबला. "तुला चालत न्हाई ना?"

"आज चालतं."

त्यांनी हात पदराला पुसले. माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत दोन्ही हात फिरवले, खरखरीत, तांदळाच्या पिठाचे. मग आपल्या कानशिलांवर नेऊन मोडले. अगदी कानाजवळ, कडाकडा. आणि पुटपुटल्या, "माझ्या जान्हवीला आल्यागेल्याची, शेजारणीची, घरच्या-दारच्याची, जळो मेली नजर."

मी म्हटलं, "परत म्हणा."

"आता न्हाई वाजायची."

"बोटं नाही. शेवटचं काय म्हणालात ते."

"जळो मेली नजर. नजरेला म्हणतात गं तसं. काहून?"

नजर! एक शब्द. मी दारात पाय आपटायच्या आधी एक शब्द थांबले असते तर ऐकू आला असता. "हे तुम्ही रोज करता?" एवढंच विचारलं.

"रोज कशाला? तू नांदेडला निघालीस की. अन् ती लक्ष्मीबाई येऊन गेली की. तिची नजर वाईट आहे, मन वाईट न्हाई बिचारीचं. तुझ्यापुढं करायचं न्हाई म्हणलीस, म्हणून तू कोपऱ्यावर गेल्यावर करते. मागून केलं तरी पोचतं."

मला रडू आलं ते त्यांना दिसलं. त्या सूप पुढं ओढून निवडायला लागल्या. मीही ताटात थोडे तांदूळ घेऊन निवडायला लागले. बोटं पुन्हा वाजेपर्यंत थांबायचंच होतं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी कामाशिवाय इतका वेळ एका जागी बसलो नव्हतो. मला तर कुठंच बसवत नाही.

"ते बुडबुड्याचं काय असतं गं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तेल ताणलं की फाटतं, बुडबुडा धरतो, मग हळूहळू विरतो.

"विरतो ना पण?"

"विरतो. वेळ द्यावा लागतो."

"मग बरं आहे." खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "नांदेडच्या खोलीवाल्याचा फोन आलता परवा. मीच उचलला. वरच्या मजल्यावर आहे म्हणे, हवा चांगली आहे. जा बाई. तिथं लाईट तर ऱ्हाते." आवाजात कसलीच तक्रार नव्हती. मी ताटात नुसती बोटं फिरवत राहिले.

मग त्या मधूनमधून माझ्या तोंडावरून हात फिरवून बघत राहिल्या. आधी करंगळ्या वाजल्या. पुष्कळ वेळानं मधली बोटं. अंगठे सगळ्यांत शेवटी, निवडून झालेले तांदूळ डब्यात भरल्यावर. एकदम नाही, एकेक करून! लहान आधी, मोठे मागून. बुडबुडे सगळे सारखे नसतात, मग विरण्याचा वेळ सारखा कसा असेल?

२१ ऑक्टोबर

यंत्रावर जाऊन मोजलं. लहान-मोठे बुडबुडे वेगळे धरले. लाईट दोनदा गेली, तिसऱ्यांदा गणित पुरं झालं.

जुळला. चौथा आलेख जुळला! प्रयोगाचे ठिपके आणि माझी रेघ, एकमेकांवर. मी इतक्या जोरात ओरडले की सासूबाई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन पळत आल्या. "काय गं, शॉक बसला का?"

सरांना फोन केला. त्यांनी सगळे आकडे पुन्हा वाचून घेतले. मग म्हणाले, "डिसेंबरात समितीपुढं मांडा. सुचलं कसं?" मी म्हटलं, घरी.

नचिकेतनं पेढे आणले. पेढा देता देता हळूच म्हणाला, "खोलीवाला विचारून राहिला, काय सांगू?" मी पेढा तोंडात घातला.

४ डिसेंबर

उद्या समिती. प्रबंधाची प्रत बांधून आली. निळं कापडी कव्हर, सोनेरी अक्षरं. सकाळी टेबलावर ठेवली होती. आत्ता बघितलं तर मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात बोटाएवढा काळा डाग. काजळ.

पुसला नाही.

५ डिसेंबर

हे ओसरीवर बसून लिहितेय. खरं तर आत्ता मी बसमधे असायला हवी होती.

साडी नेसून, पिशवी घेऊन तयार झाले. नचिकेतनं बाहेर स्कूटर चालू करून ठेवलेली. मी उंबऱ्याशी थांबले.

"आई, आज माझ्यापुढं मोडा. कोपऱ्यावर जायची वाट बघू नका."

त्यांचा चेहरा पडला. "अगं बाई. मघाशीच मोडली गं. तू अंघोळीला गेलीस तेव्हा. समिती म्हणलीस, मग मला चैन पडंना. आता न्हाई वाजायची."

"कधी वाजतील?"

"मला काय विचारतीस, तुझाच तर अभ्यास आहे. तू जा. बस चुकंल. न वाजता पण लागतं."

"न वाजता नको."

पिशवी खाली ठेवली आणि ओसरीवर मांडी घालून बसले. नचिकेतनं हॉर्न वाजवला. परत वाजवला. मग स्वतः आत आला. "जान्हवी, ही बस गेली तर पुढचीनं तू कशीबशी वेळेत पोचशील!" माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. बाहेर जाऊन स्कूटर बंद केली.

"नचिकेत," मी आतूनच ओरडले, "खोलीवाल्याला सांग, नको म्हणून."

आई पदरानं डोळे पुसून माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बघून राहिल्या. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. पाय हलून राहिलाय, समितीच्या प्रश्नांची उत्तरं डोक्यात उलटसुलट चाललीत. रस्त्यावरून बस गेल्याचा आवाज आला.

आत्ता करंगळी वाजली. बाकीची व्हायचीत.